खाणावळीतला बिबट्या

एका जंगलात एक विद्यापीठ होते. हसू नका, मुलांनो, खरोखरच होते. वडाच्या पारंब्यांखाली वर्ग भरत आणि कुलगुरू म्हणून एक हत्ती होता. आता तिथे पुरुषभर उंचीचे गवत माजले आहे. पण म्हातारे झालेले माजी विद्यार्थी, एखादे हरीण, एखादा साळिंदर, दुपारच्या वेळी त्या बाजूला गेले की अजूनही थबकतात आणि नाक वर करून वास घेतात. तिथे काय शिकलो हे त्यांतल्या बहुतेकांना आठवत नाही. आठवते ती तिथली खाणावळ. माझेही तसेच आहे म्हणा. आमच्या कॉलेजच्या मेसमधल्या आमटीची चव अजून जिभेवर आहे. पदवीचा कागद कुठे ठेवला ते देव जाणे.

ती खाणावळ एक अस्वलीण चालवी. तिच्या चुलीवर फक्त झाडामातीतून उगवणारे अन्न शिजे, आणि त्याला कारणही तसेच होते. विद्यापीठात ससे होते, हरणे होती, रानडुकरे होती, मोर होते. मांस शिजवायचे म्हटले असते तर ते कोणत्या विद्यार्थ्याचे, हा प्रश्न पहिल्याच दिवशी उभा राहिला असता! अस्वलिणीने तर मधसुद्धा बंद केला होता. "तो मधमाश्यांचा आहे, आपला नव्हे," असे ती म्हणे, आणि म्हणता म्हणता ओठांवरून जीभ फिरवी.

पण काय तिच्या हाताला चव होती! निखाऱ्यावर भाजून चिंचेच्या कोळात शिजवलेला सुरण, अंबाडीची भाजी, नाचणीची गरम भाकरी, सणासुदीला मोहाच्या फुलांची खीर. पळसाच्या पानांवर पंगत बसे आणि माकडे वाढायला असत. त्यांचा आग्रह म्हणजे काय विचारता! हरणाने "पुरे, पुरे" म्हणत पानावर खूर आडवा धरावा आणि माकडाने त्या खुरावरूनच आमटी ओतावी. खायला घालणारे असे पाठीस लागत, असे ते दिवस होते. फार चांगले दिवस होते.

एका वर्षी तिथे एक बिबट्या शिकायला आला. तरुण होता, अबोल होता, आणि त्याच्या घराण्यात त्याच्याआधी कोणी शाळेचे तोंड पाहिले नव्हते. खाणावळीचा नियम त्याने मुकाट्याने मान्य केला. (बिबट्या सुरण कसा खाईल, असे विचारू नका. गोष्टीत खातो.) तो पंगतीच्या अगदी शेवटी बसे. माकडे जीव मुठीत धरून त्याच्या दिशेने जात, लांबूनच एक भाकरी भिरकावत, पळीभर भाजी टाकत आणि धूम ठोकत. बिबट्या तेवढे खाई, थोडा वेळ पानाकडे बघत बसे आणि उठून जाई.

"बघितलंत? दुसऱ्यांदा कधी घेत नाही," माकडे अस्वलिणीला सांगत. अस्वलीण चुलीआडून बघे आणि तिला वाईट वाटे. साऱ्या रानात ज्या सुरणाचे नाव, त्या सुरणाला हा कोण कालचा पोर नाक मुरडतो! तीही हट्टी. त्याच्याशी ती एक शब्द बोलली नाही.

दिवसेंदिवस बिबट्याच्या बरगड्या दिसू लागल्या. वर्गात त्याचे पोट गुरगुरे, आणि पुढे बसलेल्या सशाला वाटे, हा आपल्यावरच गुरगुरतो आहे. शेवटी ससा कुलगुरूंकडे गेला. "गुरुजी, त्याला आपलं जेवण आवडत नाही. तो उपाशी आहे. आणि मी त्याच्या पुढे बसतो."

हत्ती मनाने वाईट नव्हता. त्याने पुष्कळ विचार केला आणि बिबट्याला बोलावले. "बाळ, इथलं अन्न तुला मानवत नाही, हे आम्हांला दिसतंय. यात तुझा दोष नाही. उद्या सत्र संपल्याची पंगत आहे. ती झाली की तू घरी जा. परत येऊ नकोस."

"बरं, गुरुजी," बिबट्या म्हणाला. त्याला मुळीच जायचे नव्हते. त्याला आत्ता कुठे आकाशातली नक्षत्रे ओळखता येऊ लागली होती. त्याला रडू येत होते. पण बिबट्याने चारचौघांत रडायचे कसे? म्हणून तो ओढ्यावर जाऊन बराच वेळ तोंड धूत बसला.

सत्रसमाप्तीच्या पंगतीला गुरुजनांनी विद्यार्थ्यांना वाढायचे, अशी त्या विद्यापीठाची जुनी रीत होती. खगोलशास्त्राचे घुबडगुरुजीही पळी घेऊन उभे राहिले. घुबडाला दिवसा दिसत नाही, हे तुम्हांला ठाऊक आहेच. त्यांचे वर्ग रात्री भरत, त्यामुळे दुपारच्या पंगतीत कोण कुठे बसते याचा त्यांना पत्ता नव्हता. ते आपले पंखाने एकेक पान चाचपत आणि वाढत चालले. पंगतीचे शेवटचे टोक आले तरी ते थांबेनात. माकडांनी झाडावरून खुणा केल्या, पण खुणा दिसायला डोळे नकोत का?

"अरेरे, हे पान अगदीच कोरडं!" घुबडगुरुजी बिबट्यासमोर येऊन म्हणाले. "सुरण घे. आणि ही भाकरी."

बिबट्याने ते खाल्ले. "आणखी वाढू ना?" गुरुजींनी विचारले. बिबट्याने लगेच मान हलवली, पण ती गुरुजींना कुठली दिसणार! "गप्प आहेस म्हणजे हवंय! लाजतोस काय नव्या जावयासारखा? तुझ्या वयात मी टोपलंच्या टोपलं फस्त करत असे."

त्यांनी वाढले, बिबट्याने खाल्ले. पुन्हा वाढले, पुन्हा खाल्ले. भाकऱ्यांचे टोपले तळाला गेले. सशाने दोन्ही कान डोळ्यांवर ओढून घेतले. घुबडगुरुजींनी मात्र खाली वाकून बिबट्याच्या पाठीवरून पंख फिरवला.

"फारच रोड आहेस रे. कोण तू, हरीण का?"

"बिबट्या, गुरुजी."

"असशील. खीर घे."

तेवढ्यात चुलीमागून अस्वलीण बाहेर आली. तिच्या हातात उलथने तसेच होते. रिकाम्या टोपल्याकडे आणि चाटून पुसून स्वच्छ केलेल्या पानाकडे ती बघतच राहिली.

"अरे, एवढी भूक होती तर कधी मागितलं का नाहीस?"

"आई म्हणाली होती, परक्या पंगतीत मागून खाऊ नये," बिबट्या हळूच म्हणाला. "वाढणारे विचारतात, तेव्हा हो म्हणावं. मला कुणी विचारलंच नाही. मला वाटलं, माझ्या वाट्याला एवढंच असेल."

अस्वलिणीने उलथने खाली ठेवले. "आणि मला वाटायचं, माझ्या हातचं तुला आवडत नाही," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "माझ्या खाणावळीतून एक पोर रोज अर्धपोटी उठत होतं, आणि मी मेली चुलीपाशी बसून त्याच्यावरच रुसले होते!"

हत्तीला एरवी बोलायला फार आवडे. साध्या गोष्टीवरही तो तास तास भाषण देई. त्या दिवशी त्याचे भाषण अगदी छोटे झाले. सोंड खाली सोडून तो बिबट्यापाशी आला.

"तू कुठेही जायचं नाहीस," तो म्हणाला. "चुकलो आम्ही. सावकाश जेव."

बिबट्या पुढे तिथेच शिकला. माकडांची भीती काही एका दिवसात गेली नाही. नव्या सत्राच्या पहिल्या पंगतीतही ती बिचकत होती. पण आता ती थेट त्याच्या पानापाशी येत, वाकून वाढत आणि हवे-नको विचारत. आपल्याकडे बघून ती घाबरू नयेत म्हणून बिबट्या तेवढा वेळ डोळे मिटून बसे.

तात्पर्य : जो मागत नाही त्याचे पोट भरलेले आहे असे समजू नये, दोन पावले जवळ जाऊन त्याला विचारावे.