सगुणेच्या हातची माळ

त्या मुलखात आजार डोळ्यांना दिसत नसे. वरून धडधाकट दिसणारा प्राणी आतून पोखरला जाई, आणि लक्षात येईपर्यंत शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही लागण झालेली असे. म्हणून तिथल्या जाणत्यांनी एक रीत घालून दिली होती. प्रत्येकाच्या अंगातून बारीक मण्यांची माळ निघे, कोळ्याच्या अंगातून सूत निघावं तशी. दुखणं जडलं की त्यातले काही मणी जड होत, पण इतके किंचित की हातात घेऊन कळू नये. ती माळ ठरलेल्या मण्यांपाशी कापायची, धुवायची, वाळवायची आणि वाऱ्याच्या खळ्यावर उधळायची. धान्य उफणताना होतं तेच इथेही होई. हलके तुकडे लांब जात, जड तुकडे जवळ पडत आणि खळ्यावर एक नक्षी उमटे.

नक्षी वाचायचं काम पिंगळ्याचं, त्या इवल्याशा घुबडाचं. खळ्यातल्या मधल्या खांबावर तो बसलेला असे. त्याला कुणी नियम शिकवले नव्हते. जाणत्यांनी वर्षानुवर्षं त्याला नुसत्या नक्ष्या दाखवल्या होत्या, ही आजाऱ्याची, ही धडाची, ही पुन्हा आजाऱ्याची. बघता बघता त्याचं त्यालाच उमजायला लागलं. आता तो दोनच शब्द बोले, ‘धड’ किंवा ‘आजारी’. का, ते त्याला सांगता येत नसे, आणि खरं तर कुणी विचारतही नसे. ‘आजारी’ असा शब्द पडला की घाटावरचं कासव त्या प्राण्याला पाठीवर घेई आणि नदीपलीकडे सोडून येई. पलीकडून कुणालाही परत आणत नसत.

माळा कापायची ठिकाणं दोन. वर पठारावर मुंग्यांचा कारखाना होता. ठणठणीत प्राणी सहज तपासून घ्यायला तिथे जात आणि मुंग्या झऱ्याच्या पाण्यात भराभर माळा कापून देत. ज्याचं अंग मोडून आलंय, ज्याच्यासाठी घरच्यांच्या जिवाला घोर लागलाय, त्याची माळ मात्र खाली, खाडीच्या तोंडाशी बसणाऱ्या सगुणा कुर्लीकडे येई. तिच्यासारखी नांगी मुलखात दुसरी नव्हती. ती आधी माळ खाडीच्या पाण्यात भिजत घाली, कारण घट्ट वळलेली माळ सैल पडल्याशिवाय नीट कापता येत नाही, ही तिच्या आईची शिकवण. मग नेमक्या मण्यामागे नांगी लावी. तुकड्याला कुठे ओरखडा म्हणून नसे. मुंग्यांच्या कामाला ती नाक मुरडायची. “उरकतात मेल्या,” म्हणायची. तिला आपल्या कामाचा गर्व होता. नव्हता असं कशाला म्हणा?

एका वर्षी दुखणं फार फैलावलं. म्हातारा गवा त्या मुलखाचा कारभारी. पदरी पिल्लं असलेल्या प्रत्येक आईने माळ द्यावी, असा त्याने हुकूम काढला. सगुणेच्या शेजारी रेवा पाणमांजरी राहत होती. तिची पिल्लं अजून अंगावर पिणारी. रेवा अगदी खणखणीत. तिने वर मुंग्यांकडे जायचं, पण ती आली खाली.

“अक्का, माझी माळ तूच काप.”

“अगं, तुला काय धाड भरलीये? वर जा की. माझ्याकडे सगळे दुखणाईत.”

“नको बाई. पिल्लं आहेत पदरात. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही.”

सगुणा मनातून सुखावली. एवढी सुरेख माळ तिने त्या वर्षात कापली नव्हती. निम्मी कापली आणि निम्मी, तिच्या नेहमीच्या सवयीने, भिजवण्याआधीच काढून हिरव्या पानात गुंडाळून ठेवली. दुपारच्या वाऱ्यावर तुकडे उधळले गेले. पिंगळा खाली वाकला, मान गरकन फिरवून त्याने पाहिलं आणि म्हणाला, “आजारी.”

रेवा ओरडली नाही. कासवाच्या पाठीवर चढताना एवढंच म्हणाली, “अक्का, पिल्लांना बघशील ना गं?” पिल्लं काठाकाठाने धावत सुटली आणि जिथे काठ संपला तिथे थांबून चीं चीं करत राहिली. तो आवाज सगुणेला ऐकवेना.

तिला पटतच नव्हतं. त्याच सकाळी रेवा भरतीच्या उलट पोहून पिल्लांसाठी मासा घेऊन आली होती. पोखरलेल्या अंगाने असं पोहता येतं होय? उरलेली माळ घेऊन सगुणा तिरकी तिरकी पठार चढली. मुंग्यांनी त्यातली थोडी कापून दिली. ती तिने खळ्यावर नेऊन उधळली. पिंगळा म्हणाला, “धड.” सगुणेच्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? मुंग्यांनीच घोळ घातला! मग तिने पुन्हा वर जाऊन, झऱ्याच्याच पाण्यात, उरलेली माळ स्वतः कापली आणि उधळली. पिंगळा पुन्हा म्हणाला, “धड.”

माळ तीच, नांगी तीच. बदललं होतं फक्त पाणी.

ती खाली आली आणि माळा वाळवायच्या आपल्या कातळाला तिने तोंड लावलं. खारट. इतकं धुऊनही मीठ मण्यांना चिकटून राहत होतं आणि तेवढ्याने मणी जड होत होते. पिंगळ्याला शिकवताना आजाऱ्यांच्या म्हणून दाखवलेल्या सगळ्या नक्ष्या तिच्याच कातळावरच्या होत्या आणि धडांच्या सगळ्या मुंग्यांकडच्या. बिचारा शिकला होता ते खाडीचं मीठ ओळखायला. गेल्या पावसाळ्यात मुंग्यांकडून ‘धड’ ठरून घरी गेलेली सशीण तिला आठवली. ती आपल्या अख्ख्या बिळासकट संपली होती. सगुणेच्या पायाखालची वाळूच सरकली. गप्प बसावं असंही तिच्या मनात आलं. कुणाला काय कळणार होतं? पण शेजारच्या बिळात पिल्लं रडत होती आणि भुकेने त्यांचा आवाज बारीक होत चालला होता. ती उठली आणि गव्याकडे गेली.

गव्याने सगळं ऐकून घेतलं. “सगुणे, हे खरं मानलं तर आजवर पलीकडे धाडलेल्यांना मी कुठल्या तोंडाने सामोरा जाऊ?”

“मलाही तोंड उरलं नाही, आजोबा. माझ्याच नांगीखालून गेलेत ते.”

“सगळ्यांचा विश्वास आहे पिंगळ्यावर. तो मोडला तर उद्या माळ द्यायला कुणी येणार नाही. जा तू. कातळ धू आणि कामाला लाग.”

“जाते. पण आज एक पान उधळू द्या. एवढंच मागते.”

“कुणाची माळ आहे?”

“उधळल्यावर सांगते.”

गवा नाही म्हणू शकला नाही. दुपारी वारा सुटला. खळ्याभोवती सगळे जमले, मुंग्याही पठारावरून उतरून आल्या. सगुणेने पान पुढे केलं. त्यावर पांढुरकं काहीतरी वाळलेलं होतं. वाऱ्याने ते उचललं आणि खळ्यावर जेमतेम दिसेल अशी एक रेघ पडली. पिंगळ्याने मान फिरवली. क्षणभरही अडखळला नाही.

“आजारी.”

आपापल्या पिल्लांना पोटाशी धरून सगळे एकमेकांकडे बघू लागले.

“कुणाची माळ होती?” गव्याने विचारलं.

“कुणाचीच नाही. नुसतं माझं धुवायचं खाडीचं पाणी वाळवलं होतं, आजोबा. त्यात एकही मणी नव्हता.”

पिंगळा खांबावर डोळे मिचकावत पुढच्या माळेची वाट बघत होता. आणि शब्द पडला की निघायचं एवढंच ठाऊक असलेलं कासव घाटावरून पाण्यात उतरलं. त्याला थांबवायला गव्याने तोंड उघडलं, पण मग ते मिटलं आणि त्याला जाऊ दिलं.

पलीकडच्या काठावर सगळे उठून उभे राहिले. आज कोण आलं, माझं तर कुणी नाही ना, म्हणून जो तो मान उंच करून बघत होता. रेवा सगळ्यांत पुढे, गुडघाभर पाण्यात. कासव काठाला लागलं आणि नेहमीप्रमाणे त्याने अंग कलतं केलं.

“उतरा,” ते म्हणालं.

कुणी उतरलं नाही. रेवा त्याच्या रिकाम्या पाठीकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिने हळूच एक पाय वर ठेवला.