विहिरीच्या काठावरची पाटी

फार पूर्वी काळ्या खडकाच्या मुलखात विहिरी खोदणारी एक टोळी होती. टोळीचा मुकादम मोठा जाणकार. कुठला दगड कसा फुटेल हे त्याला नुसतं थापटून कळायचं. हाताखाली वीस माणसं, सगळी त्याला आबा म्हणायची. पण एक गोष्ट त्या विसांतल्या एकालाही ठाऊक नव्हती. आबांना ना अक्षर येत होतं, ना आकडा.

टोळीत सुरुंग उडवायची एक रीत होती. सुरुंगवाला विहिरीच्या तळाशी खडकाला भोकं पाडायचा, त्यांत दारू ठासायचा, किती सुरुंग भरले तो आकडा पाटीवर लिहायचा आणि वाती पेटवून वर यायचा. पाटी मुकादमाच्या हातात देऊन तो लाल फडकं घेऊन लांबच्या वाटेवर पळायचा, जाणाऱ्या-येणाऱ्यांना अडवायला. बार मोजायचे मुकादमानं. सुरुंगवाल्याचे कान बार ऐकून ऐकून पार गेले होते, म्हणून तर सगळं पाटीवर. मोजलेले बार आणि पाटीवरचा आकडा जुळला, तरच मुकादमानं "उतरा" म्हणायचं. एक जरी बार कमी भरला, तर त्या दिवशी विहिरीत कुणी पाय टाकायचा नाही.

मग आकडे न येणारा मुकादम इतकी वर्षं मोजत कसा होता? तर तो वार म्हणायचा, मनातल्या मनात. पहिला बार सोमवार, दुसरा मंगळवार. सुरुंग नेहमी सातच असायचे. रविवारचा बार वाजला की काम फत्ते. शनिवारीच थांबलं तर गडबड. पाटीकडे तो नुसता बघितल्यासारखं करायचा. इतक्या वर्षांत कधी चुकलं नाही, त्यामुळे आपलं काही अडतं असंही त्याला कधी वाटलं नाही.

एक दिवस खडक फारच कठीण लागला. सुरुंगवाल्यानं एक भोक जास्त पाडलं. पाटी हातात आली तेव्हा आबांना जरा चुकल्याचुकल्यासारखं झालं. रोजचा तो गोल पोटाचा आकडा नव्हता. आज काहीतरी वेगळंच, तिरकं, उघडं चित्र होतं.

विचारावं का कुणाला? टोपल्या वाहणारी एक तरुण बाई बाजूलाच उभी होती, पाठीला झोळीत तान्हं बाळ. ती चार बुकं शिकली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. पण वीस माणसांदेखत मुकादमानं तिला विचारायचं? त्यानं पाटी पालथी घालून बांधावर ठेवली.

बार सुरू झाले. धडाम! सोमवार. धडाम! मंगळवार. जमीन हादरत होती, बाळ रडत होतं. शेवटी रविवारचा बार झाला आणि सगळं शांत झालं.

धूर बसेपर्यंत सगळे थांबले. पहिला उतरणारा गडी म्हणजे त्या बाईचाच नवरा. तो दोराला बांधलेल्या फळीवर बसला.

"आबा, जुळलं ना?" बाईनं विचारलं.

"जुळलं."

"पाटी बघितली ना नीट?"

"अगं, तू जन्मायच्या आधीपासून मी विहिरी फोडतोय," आबा खेकसले. "आता तू शिकवणार का मला? उतरा रे!"

माणसं हसली. नवराही हसला. "तिला सवयच आहे आबा, घरीही हिशेबच मागते," असं म्हणून तो खाली जायला लागला.

पण बाईच्या जिवाला चैन पडेना. तिनं जाऊन पाटी उलटी केली. आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं.

"आठ! अहो, वर या! आठ लिहिलंय, सातच वाजलेत! ओढा, दोर ओढा!"

दोरवाल्यांनी जीव खाऊन दोर ओढला. गडी काठापाशी येतोय न येतोय, तोच खालून आठवा बार उडाला. फळीच्या चिंधड्या झाल्या. दगड आभाळात उडाले. धूर सरला तेव्हा गडी काठावर पालथा पडलेला, एक पाय रक्तानं माखलेला. पण श्वास चालू होता. बाई त्याच्यापाशी बसली होती. पदर फाडून ती त्याचा पाय बांधत होती.

हे माझ्या तोंडच्या एका शब्दानं झालं, एवढंच आबांच्या डोक्यात घुमत होतं.

तेवढ्यात सुरुंगवाला धापा टाकत आला. त्यानं जखमी गडी बघितला, पाटी बघितली आणि कपाळावर हात मारून घेतला. बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात तो म्हणाला, "माझंच चुकलं! घाईत फिकट लिहिलं असणार. आबा, तुम्हाला दिसलंच नसेल ना?"

सगळे आबांकडे बघायला लागले. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. इभ्रत राहिली असती, मुकादमकी राहिली असती.

आबांनी बाईच्या पाठीवरच्या बाळाकडे बघितलं.

"फिकट नव्हतं," ते पुटपुटले. "मला वाचता येत नाही."

"काय?" सुरुंगवाल्यानं कानामागे हात धरला.

"मला वाचता येत नाही!"

"ऐकू नाही आलं, आबा! मोठ्यानं बोला!"

मग आबा सगळी छाती एकवटून ओरडले, "मला वाचता येत नाही! आकडा येत नाही! कधीच येत नव्हता!"

लांबच्या वाटेवर थांबलेल्या माणसांनीही ते ऐकलं. वीस माणसं एकमेकांकडे बघत राहिली. इतकी वर्षं आपण कुणाच्या शब्दावर खाली उतरत होतो, हे आत्ता कुठं त्यांना कळत होतं.

गड्याचा पाय वाचला, पण जन्माचा लंगडा झाला. टोळीनं पाटी त्या बाईच्या हातात दिली. आता "उतरा" तीच म्हणते. आणि दुपारच्या सुट्टीत आबा तिच्यासमोर मांडी घालून बसतात. बाळ मांडीवर घेतात आणि आकडे गिरवतात.

तात्पर्य: लिहिणं-वाचणं आणि मोजणं येत नसेल तर ते लपवू नये, शिकून घ्यावं, कारण कामावर आपल्या एका शब्दाच्या भरवशावर दुसऱ्याचा जीव खाली उतरत असतो.