कांडपीण आणि तिची ठमी

फार फार पूर्वी, गावाला जाग कोंबड्याच्या आरवण्याआधी मुसळांच्या आवाजानं यायची, तेव्हाची ही गोष्ट. मोठ्या तळ्याच्या काठी एक लहानसं गाव होतं आणि त्या गावात एक कांडपीण राहत होती. लोकांच्या साळी कांडायच्या आणि त्यांचा तांदूळ करून द्यायचा, हाच तिचा धंदा.

कांडणं हे एकटीचं काम नव्हे. उखळ एक, मुसळं दोन, आणि समोरासमोर दोघी उभ्या. एकीचं मुसळ वर गेलं की दुसरीचं खाली यायचं. कांडपिणीची जोडीण होती पलीकडच्या घरातली गवळण. वयानं थोडी थोरली, म्हणून कांडपीण तिला आक्का म्हणे. दोघींचा हात असा जुळलेला, की एकीनं श्वास घेतला तर दुसरीला कळावा. आणि कांडता कांडता दोघी गात.

सडता सडता साळी, हात गं लाल झाले
सईच्या मुसळाने माझे, सारे शीण नेले

तो आवाज, तो भुशाचा ऊन वास, ऊन वर येईपर्यंत अंगणात साचलेली तुसाची रास! ज्यांनी ते ऐकलं-पाहिलं त्यांना अजून आठवतं, आणि ज्यांनी नाही पाहिलं त्यांना कितीही सांगा, समजायचं नाही.

आता कांडल्यावर काय निघतं? वरचं तूस निघतं, ते चुलीत जातं. मग तांदळावरचा तांबूस, मऊ कोंडा निघतो. आणि शेवटी राहतो तो मोगऱ्याच्या कळीसारखा पांढरा तांदूळ. त्या गावाची रीत अशी, की पांढरा तांदूळ ज्याचा त्याच्या घरी जायचा आणि कोंडा कांडपिणीकडे राहायचा. त्यामुळे जिच्या हातून गावाचा भात पांढरा व्हायचा, तिच्या ताटात मात्र कोंड्याची भाकरी. कांडपिणीची आई कांडपीण, आजीही कांडपीण. लहानपणापासून ती कोंडा खाऊन वाढली होती. लग्नाच्या पंगतीत बसली की गावच्या पोरी तिला चिडवत, "ए कोंडेखाऊ!" पोरी विसरून गेल्या. ती विसरली नाही.

मग दिवस फिरले. तिच्या भावानं तळ्याकाठचा भातशेतीचा तुकडा तिच्या नावे केला. त्याच सुमारास नदीपलीकडे भात सडायची गिरणी आली. इकडून साळी घाला, तिकडून पांढराशुभ्र तांदूळ घ्या, हाताला फोड नाही. कोंडा गिरणीवालाच ठेवून घ्यायचा. लोकांना अप्रूप वाटलं, आणि सगळ्यांत जास्त वाटलं ते कांडपिणीला.

तिनं मुसळ माळ्यावर टाकलं आणि घरात उरलेला कोंडा उचलून उकिरड्यावर ओतला. "आता या घरात कोंडा शिरायचा नाही," ती म्हणाली.

गवळण धावत आली. "अगं बये, ओततेस कशाला? माझी गाय खाईल की!"

"तुझ्या गाईला हवा तर तू कांड. माझं कोंड्याचं दारिद्र्य संपलं."

गवळण आल्या पावली परत फिरली. जन्मभर ज्या मुसळानं तिच्याही घरची चूल पेटली, त्याला दारिद्र्य म्हटलेलं तिच्या जिव्हारी लागलं. त्या दिवसापासून दोघींचं येणं-जाणं तुटलं. सकाळी पलीकडून एकटंच मुसळ ऐकू यायचं, धप्... मग थांबायचं... मग धप्. मधली जागा रिकामीच.

कांडपिणीचं घर भरलं, पण तिला मूलबाळ नव्हतं, मायेचं माणूस नव्हतं. अशात एकदा तळ्याच्या लव्हाळ्यात तिला एक अंडं सापडलं. तिनं ते अंडी उबवायला बसलेल्या एका खुडूक कोंबडीखाली ठेवलं आणि त्यातून निघालं बदकाचं पिवळं पिल्लू. कांडपिणीनं पिल्लाचं नाव ठेवलं ठमी.

ठमीचे लाड काय विचारता! तळ्यात गेली तर चिखल लागेल, म्हणून तिला घरातच ठेवायची. घराची जमीन शेणानं सारवून सारवून अशी गुळगुळीत केली की पाणी सांडलं तर घसरत जाईल. अंगणात जायचं तर कांडपिणीच्या कडेवर. आणि खायला सकाळ-संध्याकाळ गिरणीच्या तांदळाचा पांढराशुभ्र भात, वर तुपाची धार.

"खा गं माझे बाई," ती घास भरवता भरवता म्हणायची. "माझ्या नशिबी नव्हतं. तुला कशाला कमी पडू देईन?"

ठमी वाढली, गुबगुबीत झाली. पण एके दिवशी चालता चालता ती एका बाजूला कलली. कांडपीण हसली. "नखरे बघा बाईचे!" दुसऱ्या दिवशी ठमी पुन्हा कलली आणि पडली. मग तिचे पाय फाकू लागले. ती टाचांवर बसायची, उठायला जायची आणि तोंडावर आपटायची. मान डुगडुगायची, पाण्याच्या वाडग्यापर्यंत पोचायची नाही. बसून बसून पायांना जखमा झाल्या.

कांडपिणीच्या तोंडचं पाणी पळालं. ती ठमीला टोपलीत घालून वैद्यबुवांकडे गेली.

वैद्यबुवा मोठे भले. त्यांनी पाय दाबून पाहिले, पंख उचलून पाहिले. "बाई, हाड मोडलेलं नाही. पण मला माणसांचं कळतं, पाखरांचं नाही कळत. हा लेप जखमांना लाव. बाकी तुझं तूच बघायला हवं. मात्र एक सांगतो, अशीच बसून राहिली तर फार दिवस काढायची नाही."

शेजारीपाजारी म्हणाले, "बदकच ते! एवढा जीव कशाला टाकतेस?" कांडपिणीनं कुणाचं ऐकलं नाही. तिनं भात आणखी मऊ केला, तूप आणखी वाढवलं, मांडीवरून खाली उतरवणंच सोडलं. आणि जितके लाड वाढले, तितकी ठमी खंगत गेली.

एका सकाळी ती पुन्हा वैद्यांकडे लेप आणायला निघाली. वाट गवळणीच्या अंगणातून जायची. मान वळवून, पदर सावरून ती भरभर चालली होती. अंगणात गाईपुढे भिजवलेल्या कोंड्याचं घमेलं ठेवलेलं. त्याचा वास आला मात्र, टोपलीतली ठमी धडपडली, काठावरून कोसळली आणि जमिनीवर आदळली.

"अगं बाई!" कांडपीण ओरडली.

पण ठमी थांबली नाही. उठता येईना, तर पंख आपटत, पोटावर सरपटत ती घमेल्यापाशी गेली, काठावर मान टाकली आणि गपागप कोंडा खाऊ लागली. गाईनं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि तोंड जरा बाजूला घेतलं.

कांडपिणीचा चेहरा लालबुंद झाला. तिची ठमी, तुपातला भात खाणारी, गुरांच्या घमेल्यात तोंड घालते? तेही या अंगणात? तिनं झडप घालून ठमीला उचललं. ठमीनं मान लांब करून घमेल्याकडे असं केविलवाणं ओरडायला सुरुवात केली, की दारात आलेल्या गवळणीला राहवलं नाही.

"खाऊ दे की गं तिला."

"माझ्या घरी काय खायला नाही?" असं म्हणून कांडपीण तरातरा घरी आली.

घरी आल्यावर तिनं ताजा भात वाढला. ठमीनं तोंड फिरवलं. तिनं चोच उघडून घास घातला. ठमीनं तो बाहेर टाकला. दिवसभर ती गवळणीच्या घराच्या दिशेला मान करून पडून राहिली, आणि संध्याकाळपर्यंत तिची मान जमिनीला टेकली.

कांडपीण तिच्याजवळ बसून होती. मनात दोन मुसळं चालली होती. एक म्हणे, गावासमोर कोंडा ओतलास, आता कुठल्या तोंडानं मागशील? लोक हसतील, आक्का तर दारात उभंही करणार नाही. दुसरं म्हणे, हिनं आयुष्यात तुझ्याकडे एकच गोष्ट मागितली, आणि तीच तू दिली नाहीस.

दिवस मावळायच्या आत तिनं साळीची पाटी डोक्यावर घेतली, माळ्यावरून मुसळ काढलं आणि पलीकडच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

"आक्का, कोंडा हवाय मला," ती म्हणाली. तिनं पाटी खाली ठेवली. "फुकट नको. कांडते मी. पण एकटीनं होत नाही गं."

गवळणीनं तिच्याकडे पाहिलं. चार बोल सुनावायची यापेक्षा चांगली वेळ तिला मिळणार नव्हती. पण तिनं फक्त पदर खोचला. "बघत काय राहिलीस? ओत साळी."

पहिले काही घाव चुकले. मुसळावर मुसळ आपटलं. मग हात आपोआप जुळले आणि इतक्या दिवसांची ती रिकामी जागा भरली. दोघींच्या डोळ्यांत पाणी होतं. एक म्हणाली भुसा गेला, दुसरी म्हणाली माझ्याही गेला.

मग सुरू झाली ठमीची खरी शुश्रूषा. तांदळाचं बळ कोंड्यात असतं, आणि गिरणीच्या पांढऱ्या भातात नेमकं तेच नव्हतं. ताजा कोंडा पाण्यात कालवून, त्यात तळ्याकाठची कोवळी पालेभाजी चिरून द्यायची. गुळगुळीत जमिनीवर पेंढ्याचा जाड थर पसरला, म्हणजे पाय घसरायचे नाहीत. आणि रोज तळ्यावर न्यायचं. कांडपीण गुडघाभर पाण्यात उभी राहून ठमीच्या पोटाखाली हात धरायची. पाण्यात ठमीला अंगाचा भार वाटायचा नाही. आधी एक पाय हलला. पुढे कधीतरी दुसरा हलला. कधी वाटायचं बरी होते आहे, आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा कोलमडायची. कांडपिणीला रडू फुटायचं आणि गवळण म्हणायची, "रोपं लावल्या दिवशी कापणी होते का गं?"

असे कितीतरी दिवस गेले. एका सकाळी ठमी पेंढ्यावर उभी राहिली. दारातून बाहेर आली. तळ्याकडे जाणाऱ्या उतारावर तिनं एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं आणि भेलकांडून पडली.

कांडपीण धावली. गवळणीनं तिचा पदर धरला.

"थांब."

"पडली गं ती!"

"दिसतंय मला. दर वेळी तू उचललंस, तर ती उठायची कधी?"

कांडपिणीचे हात पुढे झालेले तसेच राहिले. तिकडे ठमीनं पंख जमिनीला टेकले, मान पुढे काढली, एक पाय पोटाखाली ओढला. पुन्हा पडली. पुन्हा ओढला. आणि थरथरत का होईना, उभी राहिली. मग डावी-उजवीकडे झुलत ती उतार उतरली आणि पाण्यात शिरली. लव्हाळ्यातल्या बदकांच्या थव्यानं जरा कालवा केला आणि तिला आपल्यात घेतलं. ठमीनं एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

कांडपीण तिथेच खाली बसली आणि हमसून हमसून रडू लागली.

"आता का गं रडतेस? चालली ना ती?"

"आक्का," कांडपीण म्हणाली, "पंगतीत मला चिडवायच्या ना, ती कोंडेखाऊ पोर अजून माझ्या पोटात उपाशी बसली होती गं. इतके दिवस घास मी तिलाच भरवत होते. आणि उपाशी मरत होती माझी ठमी."

गवळणीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. त्या दिवशी दोघींची कामं तशीच पडून राहिली. ऊन कलेपर्यंत त्या तळ्याच्या काठावर बसून पोहणाऱ्या बदकांत आपली कुठली, ते शोधत राहिल्या. काही वेळानं ती ओळखू येईनाशी झाली. सगळीच सारखी पोहत होती.

संध्याकाळी ठमी एकटी उतार चढून आली. डुलत डुलत आली, पण आता ते डुलणं बदकाचं होतं, आजाराचं नव्हतं. कांडपीण दारात उभी होती. उचलून घ्यायला तिचे हात फार शिवशिवले. ती दारातून बाजूला झाली, आणि ठमी आपल्या पायांनी उंबरा ओलांडून घरात गेली.

तात्पर्य: आपल्याला जे मिळालं नाही, ते दुसऱ्याच्या तोंडात कोंबणं म्हणजे माया नव्हे. ज्याच्यावर जीव आहे, त्याची भूक कशाची आहे हे आधी बघावं. आणि तो पडला, तर त्याला उठायला जागा द्यावी.