फळ्या फुगेपर्यंत

"आणि ही पाण्यात केव्हा उतरली होती?" इनूसबाबांनी विचारले.

यशोधनने सायकल स्टँडवर लावली.

"अजून उतरलेली नाही, बाबा."

पौषातली सकाळ होती. धरणाच्या फुगवट्यावरचे धुके नुकतेच विरले होते. सायकलच्या मागे दोन चाकांचा गाडा होता आणि गाड्यावर, गोधडीत गुंडाळून पट्ट्यांनी आवळलेली, दोन बैठकांची चिंचोळी लाकडी होडी, कयाक. सांगलीपासून घाट चढून, चार दिवस ओढत, यशोधनने ती येथवर आणली होती.

इनूसबाबांनी चाळीस वर्षे याच पाण्यावर उतारू पोहोचवले होते. आता ते काठावरच्या पिराची दिवाबत्ती करीत. पलीकडे जाणाऱ्याने आधी त्यांना विचारावे, अशी तिथली रीत होती.

"मला एकट्याने पैलतीर गाठायचा आहे. वारा कोणत्या बाजूने येतो, एवढेच सांगा."

"एकट्यानं? मग बैठका दोन कशाला?"

"पुढची दादाची. आम्ही दोघांनी मिळून ही बांधली. तो..." यशोधन थांबला. "भाद्रपदात गेला. तापाचे निमित्त झाले. थंडीत हे पाणी ओलांडायचे, असे त्याने ठरवले होते. त्याचा शब्द मला पुरा करायचा आहे."

गाड्याभोवती एक फेरी मारून बाबा परत समोर आले.

"घाटात कुणी हात लावला?"

"कोणालाही लावू दिला नाही. एक ट्रकवाला वरपर्यंत नेतो म्हणाला. मीच नको म्हटले. इतके घट्ट बांधले आहे, की चार दिवसांत गाड्याचा आवाजसुद्धा झाला नाही."

"आन् तुझा?"

"माझा काय?"

"आवाज."

यशोधनने मान खाली घातली.

"घरी आई रडत होती. कोणीतरी शांत राहायला हवे होते."

"हं... गोधडी काढ. लाकडाला थंडी वाजत न्हाय."

"दादाची आहे."

"मग वाटंत तू काय पांघरलंस?"

यशोधन पट्ट्या सोडू लागला.

"नावेला गोधडी, नावाड्याला हीव," बाबा म्हणाले. "शाना हायस."

दोघांनी कयाक उतरवली आणि दोन धोंड्यांवर पालथी घातली.

"आत डोकं घाल."

यशोधन गुडघ्यांवर बसून आत शिरला. आत अंधार असायला हवा होता. परंतु फळी आणि फळी यांच्यामधून उन्हाचे बारीक दोरे लोंबत होते. सांध्यांत दादाने बोटाने दाबून भरलेला कापूस आणि राळ जागोजागी सुटून आली होती. एका दोऱ्याखाली त्याने तळहात धरला. तळहातावर ऊन पडले.

"असे कसे झाले? मी तिला पावसाचा एक थेंब लागू दिला नाही. घरात, माळ्यावर ठेवली होती."

"तेच."

यशोधन बाहेर आला. त्याने काठावर सगळीकडे पाहिले. एकही नाव दिसली नाही.

"तुमची नाव कुठे आहे?" त्याचा स्वर चढला होता.

बाबांनी बाभळीच्या बुंध्याकडे बोट केले. बुंध्याला बांधलेला एक दोर सरळ पाण्यात गेला होता.

"बुडाली?"

"बुडवली. दर थंडीला बुडवतो. काम नसंल तवा लाकूड पान्याखालीच बरं. वर जपून ठेवलं की सुकतं. सुकलं की फाकतं." मग ते म्हणाले, "दगड आन."

यशोधन जागचा हलला नाही.

"ही मी बुडवायला आणलेली नाही, बाबा."

"कशाला आनलीस?"

...

पाणी काठाशी हळूहळू हलत होते. बाबा धोतर खोचून गुडघाभर पाण्यात उभे राहिले आणि कयाकचे एक टोक त्यांनी धरले. दुसरे टोक यशोधनने धरले. चार महिन्यांत तिला दुसऱ्या कोणाचा हात लागला होता, तो आजच.

मागच्या बैठकीत त्याने दोन लहान दगड टाकले.

पुढच्या बैठकीचा मोठा दगड हातात घेऊन मात्र तो बराच वेळ उभा राहिला. मग वाकून, झोपलेल्या माणसाच्या उशाशी तांब्या ठेवावा तसा, त्याने तो ठेवला.

प्रत्येक सांध्यातून पाणी आत आले. पुढची बाजू आधी गेली. थोड्या वेळाने पाण्यावर काहीही उरले नाही.

बाबांनी तिचा दोर त्याच बाभळीला बांधला.

"किती दिवस?" यशोधनने विचारले.

"फळ्या फुगेपर्यंत."

"आणि तोवर मी काय करू?"

"आईकडं जा. फळीनं फळी धरली की सांगावा धाडतो. मग वाऱ्याचं बोलू."

बाबांनी गोधडी झटकली आणि त्याच्या खांद्यावर टाकली. यशोधनने पट्ट्या गुंडाळल्या, गाडा सायकलला जोडला. निघताना काहीतरी बोलायला हवे, म्हणून तो म्हणाला,

"गाडा मोकळा आहे. आता घाट सोपा जाईल."

"जाईल..." बाबा म्हणाले. "पन रिकामा गाडा लई वाजतो, लेकरा. वाजू दे."