नागलची दोरी

वैनगंगा आजच्यापेक्षा अर्धा कोस पलीकडून वाहायची, त्या काळची ही गोष्ट. तेव्हा थुबरी गाव आणि नदी यांच्या मधल्या माळावर एक स्तूप होता. तो कोणत्या राजाच्या काळात झाला, हे थुबरीकरांना विचारू नका. राजाचं नाव गाव केव्हाच विसरलं. गवंड्याचं विसरलं नाही. त्याचं नाव नागल.

नागलनं तो स्तूप एका दोरीवर बांधला, असं म्हणतात. दोरी अंबाडीची, एकवीस हात लांब. माळावर खुंटी ठोकली, दोरीचं एक टोक खुंटीला बांधलं, दुसरं हातात धरलं आणि नागल एक फेरी चालून आला. तो झाला स्तूपाचा घेर. घुमट उचलला तोही एक दोरी उंच. दोरीची एक घडी घातली, की निघाली घुमटावरच्या छत्राची दांडी. दुसरी घातली, की खालचा चौथरा. तिसरी घातली, की भोवतीनं फिरायची वाट. विटांना एवढी माती लागली, की गावाशेजारी तळं पडलं. आत खोली नाही, दार नाही. नुसती भरीव वीट, आणि पोटात दगडी डबीत चिमूटभर रक्षा. परगावचे लोक दार शोधत भोवती हिंडायचे. नागल झाडाखाली बसून बघत राहायचा आणि त्यांच्या तीन फेऱ्या झाल्या की म्हणायचा, "झालं दर्शन. जा आता घरी."

पुढं नागल म्हातारा झाला आणि नदी गावाकडं सरकू लागली. दर पावसाळ्यात काठाचा एक तुकडा पडायचा. एका वर्षी उन्हाळ्यात नागलनं मोजलं, तर स्तूप आणि पाणी यांच्यात दहा हात जमीन उरली होती. विहारातले भिक्खू सामानाची बांधाबांध करू लागले. त्यांच्यातले वृद्ध बुधिल भन्ते नागलजवळ येऊन बसले.

"उपासका, जे बांधलं ते मोडणार. रोज म्हणतो ना आपण?"

"मोडू द्या, भन्ते," नागल म्हणाला. "पन उद्या कोनाले पुन्हा बांधाचा असंल, त कसा होता थे कोन सांगंल?"

भन्ते उठून आपलं बोचकं बांधायला गेले. 

नागलला तेवढाच घोर लागला. ताडपत्रावर आकृती काढावी, तर वाळवी सोडणार नाही. दगडावर कोरावी, तर दगडही नदीच नेणार. शेवटी त्याला दोरी आठवली. घराच्या आढ्याला ती तेव्हापासून टांगलेली होती. तिला हात लावायची कोणाला परवानगी नव्हती. नागलनं ती उतरवली, उराशी धरली आणि तो लहान पोरासारखा रडला.

"एवढ्या वर्साची दोरी," तो म्हणाला, "आता हेबी कुजंल."

त्याची लेक सुमना दाराशी अंबाडी सोलत होती. तिला हसू आवरेना.

"बा, तुझी थे दोरी मायच्या वेळंलेच कुजली. हे नववी हाये."

"काय म्हनतं?"

"जुनी कुजाच्या आधी नवी वळाची. जुनीच्या बाजूले ठेवून मापाची आन टांगून द्याची. आधी माय करे, आता मी करतो. तू ओरडशील म्हनून सांगतलं नाही."

नागल दोरीकडं बघत राहिला. मग त्यानं ती ताणून मापली. एकवीस हात, ना एक बोट कमी ना एक बोट जास्त. त्या दिवसापासून त्याचा घोर गेला. सुमनाला त्यानं घड्या शिकवल्या, आणि तिनं त्यांचे बोल केले:

पुरी दोरी घेराची, पुरी दोरी उंचीची,
अर्धी दोरी छत्राची, पाव दोरी चौथऱ्याची,
पावाची अर्धी वाटंची.

भाद्रपदात पूर आला. नदीनं स्तूपाला तीन प्रदक्षिणा घातल्या आणि मगच त्याला नेलं, असं म्हणतात. वीट विस्कटली नाही. म्हातारं माणूस दमून खाली बसावं, तसा स्तूप पाण्यात बसला. छत्र तेवढं घटकाभर वर दिसत होतं. नागलनं हात जोडले आणि तो घरी जेवायला गेला.

पौषात धान कापून झालं. खळी आखायची वेळ आली तेव्हा नागल दोरी घेऊन शेतात आला. म्हणाला, खळं या दोरीनं आखा. लोकांनी कपाळाला हात लावला. एवढ्या मोठ्या खळ्याला पेंढ्या कोणाच्या पुरणार?

"आन सारवाले शेन कुठून आनाचं गा?" एका म्हातारीनं विचारलं.

"साऱ्या गावचं आना," नागल म्हणाला.

झालं. एका घराच्या धानानं त्या खळ्याची कडही भरेना, म्हणून साऱ्या गावाचं आणावं लागलं. मधोमध बैल बांधायला तिवडा हवा, तर गावातली लाकडं पुरानं नेलेली. नागल म्हणाला, मी उभा राहतो. दोरीचं टोक कमरेला बांधून तो मध्ये उभा राहिला. बैल त्याला उजव्या हाताला ठेवून सकाळपासून फिरत राहिले, आणि नागल डोळे मिटून फेऱ्या मोजत राहिला. मळणी आटोपली, भुसा खाली बसला. सुमना पाणी घेऊन गेली, तर मध्ये माणूस नव्हता. तिथं मोहाच्या लाकडाचा तिवडा उभा होता आणि त्याला दोरी बांधलेली होती. असं म्हणतात.

सुमना रडली. मग तिनं दोरी सोडली, मापली आणि आढ्याला टांगली.

थुबरीत आजही खळं एकच असतं. मळणीयंत्र आलं आहे, पण आधी बैलांच्या तीन फेऱ्या होतात, आणि हाकणाऱ्याला बाया ओरडून सांगतात, "नागल उजवीकडं ठेव!" तिवड्याला गावात तिवडा म्हणतच नाहीत. मळणीआधी बाया नवी दोरी वळतात, जुनीच्या बाजूला ठेवून मापतात आणि वळताना ते बोल म्हणतात. जुनी दोरी तिवड्याच्या खड्ड्यात पुरतात. छत्र कसलं, चौथरा कसला, हे पोरींना ठाऊक नसतं. बोल मात्र एकीचाही चुकत नाही.

स्तूप अजून कोणी परत बांधलेला नाही. थुबरीकर त्याची घाईही करत नाहीत. फक्त दर पावसाळ्यात, धानाच्या बांधावर, दोरीपुरती अंबाडी पेरतात.