तुटका नट आणि शाबूत स्क्रू

हवे ते मिळत नाही म्हणून साऱ्या बाजाराला दोष देत फिरणाऱ्यांनो, आपण नेमके काय शोधतो आहोत, याचा विचार तुम्ही एकदा तरी केलात का? पाय झिजवायला तुमची तयारी असते. क्षणभर थांबून पाहायला नसते.

एका खाडीच्या काठी एक वृद्ध मेस्त्री होड्या बांधीत असे. त्याने आपल्या शिष्यावर प्रथमच एक संपूर्ण काम सोपवले: एका कोळिणीच्या होडीचे नवे सुकाणू. मासेमारीचा हंगाम तोंडावर आला होता. आणि सुकाणूच्या फळ्या आवळून धरणाऱ्या लाकडी शिकंज्याने ऐन वेळी दगा दिला. त्याच्या जबड्यात बसवलेला लोखंडी नट चिरला.

शिष्य तुटका नट मुठीत धरून बाजारात धावला. नमुना दाखवून वस्तू आणायची, ही साऱ्या कारागिरांची रीतच. व्यापाऱ्याने नट निरखला, आत बोट फिरवून आटे चाचपले आणि हुबेहूब तसाच काढून दिला. तो बसला खरा. पण शिकंजा आवळू लागले की आटे घसरत आणि फळ्या सुटत. दुसऱ्या दुकानातून आणलेल्या नटाचीही तीच गत झाली.

तेवढ्यात कोळीण चौकशीला आली. "काय रे, समुद्र तुझ्या नटासाठी थांबणारे का?"

"मावशी, आज नक्की आणतो."

"मागच्या खेपेलाही नक्कीच होतं तुझं! घरधनी गेल्यावर पहिल्यांदाच होडी उतरवतेय मी. हंगाम चुकला तर खलाशी दुसऱ्या होडीवर जातील. मग ही होडी काय चुलीत घालू?"

शिष्याचा चेहरा उतरला. तो पुन्हा नट घेऊन निघाला, तसा मेस्त्रीने हात पुढे केला. "बघू."

शिष्याने नट त्याच्या तळहातावर ठेवला. म्हाताऱ्याने तो सरळ खाडीत भिरकावला.

"अहो मेस्त्री! नमुना होता तो! आता काय दाखवू दुकानात?"

शिकंज्याचा हातभर लांब स्क्रू मेस्त्रीने फिरवून बाहेर काढला, फडक्याने पुसला आणि शिष्याच्या खांद्यावर ठेवला.

"हा ने."

"एवढं धूड? लोक हसतील."

"हसू देत. हसताना कुणी दुकान बंद करत नाही."

व्यापारी हसलाच. "अरे, आख्खा शिकंजाच आणायचास!" पण शिष्य तिथेच बसकण मारून एकेक नट स्क्रूवर चढवू लागला. चांगले गुळगुळीत, चकचकीत नट दोन वेढ्यांत अडकत, नाहीतर डुगडुगत. शेवटी भंगारातला एक बेढब, चौकोनी नट मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत अलगद, जराही न डुलता गेला.

शिष्याने शिकंज्याच्या लाकडात चौकोनी खाच कोरून तो बसवला आणि स्क्रू परत घालून त्याची मूठ आवळली. फळ्या एकमेकींना बिलगल्या, सांध्यात लावलेला चिकट सरस बाहेर आला. पण फळ्या हलल्या नाहीत.

तेव्हा मेस्त्री म्हणाला, "तो जुना नट वर्षानुवर्षे झिजला होता. त्याच्याबरहुकूम नवा मागितलास, म्हणजे त्याची झीजच मागून आणलीस. पण नव्याला जुन्याशी कुठे नांदायचं होतं? त्याला नांदायचं स्क्रूशी. आणि स्क्रू तर शाबूत होता, इथेच, तुझ्या डोळ्यांसमोर. बाहेरून तो गोल की चौकोनी, याची काळजी कशाला? लाकूड तेवढी जागा करून देतं."

शिष्य फडके घेऊन ओघळलेला सरस हलक्या हाताने टिपू लागला.

कोळीण फळ्यांवर हात ठेवून उभी होती. ती म्हणाली, "मेस्तरी, होडी हाकायला तांडेल हवाय म्हणून चार गावं फिरले मी. आमच्या घरधन्यासारखाच उंच हवा, तसाच खणखणीत आवाजाचा हवा. त्याच्या हाताखाली राबायचंय माझ्या खलाशांना, आणि मी अजून त्यांतल्या एकालाही विचारलं नाही."