शेंदराखालचा मद

पूर्वी शीलवती नगरीत महीसेन राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्व राजाच्या हत्तीखान्यात एका माहुताच्या घरी जन्मला. नाव सोमिल. बोधिसत्त्व म्हटलं की आपण हात जोडून मोकळे होतो. त्याच्या हातून काही वावगं घडलं असेल हे आपल्या मनातही येत नाही. पण घडलं होतं. नीट ऐका.

अंजन नावाचा हत्ती सोमिलाने पिलू असल्यापासून वाढवला होता. वसंतोत्सवात राजा त्याच्यावरूनच मिरवायचा. त्या वर्षी राजा म्हणाला होता, "सोमिल, मिरवणूक झोकात होऊ दे. मग हत्तीखान्याचा मुख्य तूच." आणि नेमकी उत्सवाच्या सकाळी सोमिलाला अंजनाच्या कानशिलावर ओल दिसली. त्याने बोट लावून वास घेतला. मद होता. मद पाझरू लागला की हत्ती कुणाचाच राहत नाही. त्याला साखळदंड घालून माणसांपासून लांब ठेवायचं, हा हत्तीखान्याचा रिवाज. हे काय सोमिलाला कुणी शिकवायला हवं होतं? पण मुख्यपद हातातोंडाशी आलं होतं. त्याने ओल पुसली आणि वरून शेंदराची जाड वेलबुट्टी काढली. आजचा दिवस निघून जाईल, असं तो मनाशी म्हणाला.

कसला निघतोय! चौकात ढोल वाजले आणि अंजन बिथरला. राजाने एका घराच्या सज्जाला धरून जीव वाचवला. रस्त्याकडेला सुपं-टोपल्या मांडून बसलेला नंदिय बुरूड मात्र उठेपर्यंत हत्तीच्या पायाखाली गेला, आणि जागीच मेला.

दुपारी राजाने निवाडा केला. मदात असलेल्या हत्तीला दोष द्यायचा नाही, असा त्या राज्याचा नियम होता. "पण मद नसताना माणूस मारतो, म्हणजे हे जनावरच दुष्ट," राजा म्हणाला. "सूर्य मावळायच्या आत भाल्यांनी मारून टाका." सोमिल तिथेच उभा होता. तो खोटं बोलला नाही, कारण त्याला कुणी काही विचारलंच नाही. तो नुसता गप्प राहिला. त्या गप्प राहण्याची त्याला लाज वाटत होती, तरी तोंड उघडेना.

नगराबाहेरच्या माळावर भालाईत गोल करून उभे राहिले. राजा आला होता, आणि बघायला गर्दीही जमली होती. धावून दमलेला अंजन साखळदंडांत उभा होता. भालाइतांचा नायक म्हणाला, "सोमिल, बसव त्याला. उभ्या हत्तीला घाव नीट लागत नाही, आणि तो तुझंच ऐकतो."

सोमिल पुढे झाला. अंजनाने सोंड लांबवून त्याचा खांदा हुंगला. आता 'बैस' म्हटलं की तो बसणार, आणि बसला की मरणार. खरं बोललं तर आपलं मस्तक जाणार. सूर्य टेकडीला लागला.

"अरे, वाट कसली बघतोस?" नायक ओरडला.

सोमिलाने खांद्यावरचं उपरणं काढलं आणि अंजनाच्या कानशिलावरचा शेंदूर खसाखसा पुसला. खाली काळा, ओला ओघळ होता.

"महाराज, हत्ती दुष्ट नाही. हा मद आहे. मी सकाळीच पाहिला आणि झाकला. नंदियाला मी मारलं."

राजा तडक पुढे आला. "ठाऊक असून मला त्याच्यावर बसवलंस? मुख्यपदासाठी?"

"होय महाराज."

भाल्यांची टोकं हत्तीवरून सोमिलाकडे वळली. पण शिक्षा काय, हे मेलेल्याच्या घरच्यांना विचारायची चाल होती. नंदियाची बायको रेवती गर्दीत उभी होती. राजा तिला म्हणाला, "बाई, याचं काय करायचं ते तू सांग."

रेवती सोमिलासमोर येऊन उभी राहिली. "मारा म्हटलं तर माराल. मग माझा बांबू कोण तोडणार? घरात आंधळी सासू आहे. तिला काय सांगू, न्याय झाला, आता जेव?" मग ती सोमिलाला म्हणाली, "मेलास की सुटशील. तुला नाही मी सोडायची. उद्या सकाळी कोयता घेऊन ये. आणि माफी मागू नकोस. मला ऐकायची नाही."

"येतो," सोमिल म्हणाला.

राजाने हत्ती आणि माहूत दोघांनाही जिवंत ठेवलं, पण सोमिलाला अंजनाच्या पाठीवर बसायची बंदी केली. त्याने हत्तीला पायी चालून सांभाळावं, असं ठरलं.

सोमिल रोज सकाळी बांबू तोडून रेवतीच्या दारात टाकी, आणि मग हत्तीखान्यात जाई. बुरूडआळीत लोक त्याला पाहून थुंकत. तो कधी उलटून बोलला नाही. पुढच्या उत्सवाला अंजनाच्या कानशिलावर पुन्हा ओल आली. सोमिल राजाकडे गेला. "महाराज, आज हत्ती निघणार नाही."

"पाहुणे राजे आलेत रे. जरा पुसून काढ ना!"

"ते एकदा केलं, महाराज. आता मान कापलीत तरी नाही."

राजा धुसफुसत घोड्यावरून मिरवला.

त्याच्या पुढच्या वर्षी, उत्सवाच्या सकाळी, रेवती पहिल्यांदाच हत्तीखान्याच्या दारात आली. "आज काढणार आहेस हत्ती?"

"काढणार आहे."

"नीट बघितलंस?"

"बघितलं."

ती थेट चौकात गेली, आणि तिचा नवरा बसायचा तिथेच सुपं मांडून बसली. ढोल वाजत हत्ती आला. पुढे सोमिल चालत होता. त्याचा जीव मुठीत होता. लोक भराभर मागे सरले. रेवती उठली नाही. ती हत्तीकडे पाहतच नव्हती, सोमिलाकडे पाहत होती. अंजन तिच्या सुपांना न शिवता शांतपणे पुढे गेला. भर मिरवणुकीत सोमिल रडू लागला.

एका भिक्खूच्या हयगयीने विहारातली कुटी जळाली, आळ दुसऱ्यावर आला, आणि पहिला गप्प बसला. तेव्हा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा सांगितली. शेवटी ते म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाचा अंजन हत्ती म्हणजे आज ज्याच्यावर आळ आला तो भिक्खू. रेवती म्हणजे आपल्याला रोज भिक्षा वाढणारी म्हातारी उपासिका. राजा म्हणजे हा विहार बांधून देणारा श्रेष्ठी. आणि शेंदूर फासणारा तो माहूत मीच होतो."

मग मागच्या रांगेतला एक भिक्खू उठून उभा राहिला. शास्ते त्याला म्हणाले, "बोल. सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता, इथूनच सुरू होते."